घोरणं, स्लीप अ‍ॅप्निया आणि घरच्या घरी टेस्ट: कुठून सुरुवात करायची, रिपोर्ट आल्यावर पुढे काय

आपल्याकडे कोणी जोरात घोरायला लागलं की म्हणतात बघा किती गाढ झोप लागलीय, बिचारा दमला असेल. लग्नाच्या हॉलवर सगळे पुरुष एका खोलीत झोपतात तेव्हा सकाळी चहाबरोबर त्याचीच चर्चा, कोणाचा इंजिनसारखा आवाज होता, कोणामुळे कोणाला झोप नाही लागली, आणि मग विषय संपतो. पण त्या आवाजात एक गोष्ट असते जिच्याकडे कोणी लक्ष देत नाही, ती म्हणजे मधली शांतता. घोरणं एकदम थांबतं, दहा-वीस सेकंद काहीच आवाज नाही, छाती-पोट हलतंय पण हवा आत जात नाहीये, आणि मग घुसमटल्यासारखा मोठा आवाज करून श्वास परत सुरू होतो. तुमच्या घरात कोणाचं असं होत असेल, किंवा तुमचंच होतं असं घरचे सांगत असतील, तर हे सगळं वाचा, कारण हा स्लीप अ‍ॅप्निया असू शकतो, याची टेस्ट आता घरच्या पलंगावर एका रात्रीत होते आणि उपचारही आहेत.

आत नेमकं काय होतं ते थोडक्यात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ आणि टाळूचा मऊ भाग मागे सरकतो, आणि ज्यांची वाट मुळातच अरुंद आहे त्यांची ती बंद होते, भिजलेल्या कागदी स्ट्रॉने नारळपाणी जोरात ओढलं की ती कशी चपटी होते तसं. हवा १० सेकंद किंवा जास्त वेळ पूर्ण थांबली तर त्याला अ‍ॅप्निया म्हणतात, अर्धवट कमी झाली आणि त्यामुळे ऑक्सिजन उतरला किंवा झोप मोडली तर हायपोप्निया. मेंदूला कळतं की काहीतरी बिघडलंय, तो माणसाला क्षणभर अर्धवट जागा करतो, घसा परत ताणला जातो, श्वास येतो, आणि सकाळी यातलं काहीच आठवत नाही. असं तासाला तीस-चाळीस वेळा झालं तर आठ तास पलंगावर काढूनसुद्धा झोप झालेली नसते, आणि प्रत्येक वेळी बीपी आणि हृदयाचे ठोके वर जातात ते वेगळंच. म्हणूनच बीपी, हृदयाचे अनियमित ठोके, स्ट्रोक यांच्याशी याचा संबंध आहे.

आधी घरातच बघा, पैसे नंतर

पहिलं काम म्हणजे शेजारी झोपणाऱ्या माणसाला विचारणं. ज्याला हा त्रास आहे तो स्वतः कधीच नीट सांगू शकत नाही, मी कुठे घोरतो असंच म्हणणार. रात्री दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढा, शक्यतो माणूस उताणा झोपलेला असताना आणि पहाटेच्या सुमाराला, कारण स्वप्नांची झोप त्या वेळी जास्त असते आणि त्यात त्रास वाढतो. चेहरा आणि छाती दोन्ही दिसू दे. हा व्हिडिओ डॉक्टरांना दाखवला की अर्धं काम होतं, खरंच. एकटे राहत असाल तर फोनवर आवाजाचं रेकॉर्डिंग चालू करून तो उशाशी ठेवा.

बाकी लक्षणं लिहून काढा. सकाळी तोंड कोरडं, डोकं जड, दिवसा बसल्याबसल्या डोळा लागणं, चिडचिड, विसरायला होणं. एक लक्षण असं की लोक दुसऱ्याच गोष्टीवर ढकलतात, रात्री दोन-तीन वेळा लघवीला उठणं. पुरुष म्हणतात प्रोस्टेट, डायबिटीसवाले म्हणतात शुगर, आणि तसं असूही शकतं, पण श्वास अडकून छातीतला दाब बदलला की हृदयातून एक हार्मोन सुटतं आणि त्याने लघवी जास्त बनते, त्यामुळे अ‍ॅप्नियाचा उपचार सुरू झाल्यावर बऱ्याच लोकांचं रात्रीचं उठणं कमी होतं. तसंच बीपीच्या तीन-तीन गोळ्या चालू आहेत आणि तरी कंट्रोल होत नाही, अशा माणसाने तर ही टेस्ट करायलाच पाहिजे.

बायकांबद्दल मुद्दाम वेगळं लिहितेय. घोरणं हा पुरुषांचा विषय असं धरून चालल्यामुळे आई, मावशी, सासूबाई यांचं निदान राहूनच जातं. पाळी गेल्यानंतर बायकांमध्ये हे प्रमाण वाढतं, आणि त्यांची तक्रार घोरण्याची नसते, झोप लागत नाही, सारखा थकवा, सकाळी डोकं दुखतं, उदास वाटतं अशी असते. मग झोपेची गोळी नाहीतर बी-ट्वेल्व्हचं इंजेक्शन मिळतं आणि गाडी तिथेच अडकते. झोपेच्या काही गोळ्यांनी घसा अजून सैल पडतो, म्हणजे उलटंच.

आता दोन छोट्या प्रश्नावल्या. स्टॉप-बँग नावाची एक आहे, आठ हो-नाही प्रश्न: जोरात घोरता का, दिवसा थकवा-झोप असते का, श्वास थांबताना कोणी बघितलंय का, बीपी आहे का, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३५ च्या वर का, वय ५० च्या वर का, मानेचा घेर ४० सेंटीमीटरच्या वर का, आणि पुरुष आहात का. तीन-चार हो आले तर मध्यम शक्यता, पाच आणि वर आले तर जास्त. यात आपल्यासाठी एक अडचण आहे, बीएमआय ३५ हा आकडा आपल्या लोकांना फार वरचा पडतो, भारतीय माणसासाठी २५ च्या वर लठ्ठपणा धरतात, शिवाय जबडा लहान किंवा मागे असेल तर बारीक माणसालाही अ‍ॅप्निया असतो. त्यामुळे मी तर जाड नाही म्हणून बाजूला ठेवू नका. दुसरी एपवर्थ, ऑस्ट्रेलियातल्या डॉ. मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये केलेली, टीव्ही बघताना, वाचताना, गाडीत बसल्यावर अशा आठ प्रसंगांत डुलकी लागण्याची शक्यता ० ते ३ मध्ये मोजायची, बेरीज १० च्या वर गेली तर दिवसाची झोप प्रमाणाबाहेर आहे. पण एपवर्थ कमी आला म्हणून अ‍ॅप्निया नाही असं होत नाही, काही लोकांना झोप येतच नाही, फक्त थकवा असतो.

आणि हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं इतकं महत्त्वाचं: गाडी चालवताना एकदाही डोळा मिटला असेल तर टेस्ट होऊन उपचार सुरू होईपर्यंत स्टीअरिंग दुसऱ्याच्या हातात द्या. ट्रक, एसटी, टॅक्सी, स्कूलबस चालवणाऱ्यांच्या घरच्यांनी तर हे मनावर घ्याच. एक्सप्रेस-वेवर रात्री डुलकी लागली तर दुसरी संधी मिळत नाही.

कोणत्या डॉक्टरांकडे

आधी फॅमिली डॉक्टर, मग छातीचे डॉक्टर म्हणजे पल्मोनोलॉजिस्ट किंवा ईएनटी, मोठ्या शहरात झोपेचे स्पेशालिस्टही मिळतात. लोक विचारतात की टेस्ट घरीच होते तर आधी डॉक्टर कशाला, डायरेक्ट मागवतो. कारण असं की घरची टेस्ट सगळ्यांसाठी नसते. हार्ट फेल्युअर किंवा दुसरा मोठा हृदयविकार, सीओपीडीसारखा फुप्फुसाचा जुना आजार, स्ट्रोक होऊन गेलेला, स्नायूंच्या कमजोरीचा आजार, मॉर्फिन-ट्रॅमाडॉलसारख्या वेदनेच्या गोळ्या रोज चालू, किंवा मुळात रात्रभर झोपच लागत नाही असा निद्रानाश, यातलं काही असेल तर हॉस्पिटलमधलीच पूर्ण टेस्ट लागते. लहान मुलांसाठीही घरच्या टेस्टची शिफारस नाही. मूल रोज घोरत असेल, तोंड उघडं ठेवून झोपत असेल, झोपेत फार घाम येत असेल किंवा वर्गात लक्ष लागत नसेल तर ईएनटीला दाखवा, मुलांमध्ये बहुतेक वेळा टॉन्सिल आणि अ‍ॅडिनॉइड वाढलेले असतात आणि पहिला उपचारही तोच असतो, ते काढणं.

डॉक्टर नाक-घसा बघतील, मान मोजतील, चालू गोळ्या विचारतील, टीएसएच सांगू शकतात कारण थायरॉइड कमी असेल तरी हे सगळं वाढतं. हे आधी झालं की टेस्टचा अर्थ नीट लागतो.

एक सावधगिरी. उपचाराचं मशीन (सीपॅप, त्याबद्दल पुढे) विकणारेच फुकट टेस्ट करून देतो म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी रिपोर्टबरोबर मशीनचं कोटेशन येतं. टेस्ट कोणी का करेना, पण रिपोर्ट डॉक्टरांनी स्वतः बघून सही केलेला पाहिजे, नुसता कॉम्प्युटरने काढलेला आकडा नको. बुक करताना सरळ विचारा, स्कोअरिंग, म्हणजे रात्रभराचं रेकॉर्डिंग तपासून आकडे काढणं, कोण करतं, डॉक्टरांचं मत चार्जमध्ये धरलंय का, आणि रात्री डेटा नीट आला नाही तर परत टेस्ट फुकट करता का. ही तीन उत्तरं नीट मिळाली नाहीत तर दुसरीकडे जा.

टेस्टचे प्रकार

सगळ्यात पूर्ण टेस्ट म्हणजे पॉलीसोम्नोग्राफी, लेव्हल १, हॉस्पिटलमध्ये एक रात्र, डोक्याला वायरी लावून मेंदूच्या लहरी, डोळे, हनुवटी, ईसीजी, श्वास, ऑक्सिजन, पायांची हालचाल सगळं मोजतात आणि टेक्निशियन रात्रभर हजर. तेच सगळं घरी येऊन लावून गेले तर लेव्हल २. आपण ज्याला घरची टेस्ट म्हणतो ती बहुतेक वेळा लेव्हल ३ असते: नाकाशी एक बारीक नळी, छातीला पट्टा, बोटाला ऑक्सिमीटर, आणि छातीवर काडेपेटीपेक्षा थोडं मोठं यंत्र. दुसरा एक प्रकार मनगटावर बांधायचा, वॉचपॅटसारखा, तो बोटातल्या रक्तवाहिन्यांच्या आकुंचनावरून अंदाज काढतो, लावायला फार सोपा, पण हृदयाचे ठोके कायम अनियमित असतील, पेसमेकर असेल किंवा प्रोस्टेट-बीपीसाठी अल्फा ब्लॉकर गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा, त्यात तो चुकू शकतो.

लेव्हल ४ म्हणजे फक्त ऑक्सिजन. कोरोनात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर इथे उपयोगाचा नाही, जागेपणी ९८ दाखवला म्हणून काही सिद्ध होत नाही, लागतो तो रात्रभर रेकॉर्ड ठेवणारा. त्याच्यात करवतीच्या दातांसारखा खाली-वर आलेख आला तर संशय पक्का होतो, पण सपाट आला म्हणून सुटका झाली असं नाही.

स्मार्टवॉचचं काय? सॅमसंग आणि अ‍ॅपल दोघांच्या घड्याळातल्या स्लीप अ‍ॅप्निया फीचरला अमेरिकेच्या एफडीएने २०२४ मध्ये परवानगी दिली. अ‍ॅपलचं घड्याळ एका रात्रीवरून नाही तर ३० दिवसांच्या पॅटर्नवरून सूचना देतं. सूचना आली तर ती गंभीरपणे घ्या आणि टेस्ट करा. सूचना आली नाही तर त्यावर विसंबू नका. हे फीचर निदान करत नाही, कंपन्याही तसंच सांगतात.

माझं मत विचाराल तर लक्षणं ठळक आहेत, दुसरा मोठा आजार नाही, तर लेव्हल ३ पुरते, स्वस्त पडते आणि आपल्या पलंगावर होते. हॉस्पिटलमध्ये नंबर लागायची वाट बघत महिने घालवण्यापेक्षा हे बरं.

टेस्टची रात्र

नेहमीसारखाच दिवस घालवा. दुपारची झोप टाळा, संध्याकाळनंतर चहा-कॉफी नको. दारूबद्दल डॉक्टरांशी बोला, साधारणपणे टेस्टच्या रात्री घेऊ नका म्हणतात, पण खरं किती घेता ते मात्र लपवू नका. रोजच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत. सर्दी झालीय, नाक चोंदलंय तर सरळ तारीख पुढे ढकला.

बोटावरचं नेलपॉलिश काढा, गडद मेंदी असेल तर आधी सांगा, सेन्सर नीट वाचत नाही कधीकधी. बोटं गार असतील तर चोळून गरम करा. शर्ट किंवा गाऊन पुढून उघडणारा घाला म्हणजे पट्टा लावायला सोपं. पट्टा घट्ट नको, सैलही नको, दोन बोटं आत जातील इतका. नाकातली नळी गालावर चिकटपट्टीने चिकटवा, कारण सगळ्यात जास्त टेस्ट याच कारणाने फुकट जातात, रात्री नळी निघते आणि कळतच नाही. टेक्निशियन दाखवून जाताना फोनवर व्हिडिओ काढून ठेवा, रात्री अकराला तो लाल दिवा कशाचा होता हे आठवत नाही. फॅन-एसी रोजसारखं. उताणं झोपायची सवय असेल तर थोडा वेळ तरी उताणं झोपा, मुद्दाम कुशीवर झोपून रिपोर्ट चांगला आणण्यात काहीच फायदा नाही. लघवीला उठलात तर यंत्र अंगावरच ठेवून जा.

निदान ४ तासांचा चांगला डेटा पाहिजे. झोपच लागली नाही, दोनच तास झोपलो असं झालं तर तसं लिहून द्या, लपवू नका, कारण बरीचशी घरची यंत्रं झोप मोजत नाहीत, फक्त रेकॉर्डिंगचा वेळ मोजतात. जागे राहिलेले तासही भागाकारात धरले जातात आणि आकडा खोटा कमी येतो. घरची टेस्ट नॉर्मल आली पण लक्षणं ओरडून सांगतायत, अशा वेळी गप्प बसायचं नाही, हॉस्पिटलमधली पूर्ण टेस्ट करून घ्यायची.

रिपोर्ट कसा वाचायचा

मुख्य आकडा एएचआय, घरच्या टेस्टमध्ये त्यालाच आरईआय लिहिलेलं असू शकतं. तासाला किती वेळा श्वास अडला किंवा कमी झाला. ५ च्या खाली नॉर्मल, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० आणि वर तीव्र. मुलांसाठी हे आकडे लागू नाहीत, त्यांच्यात १ च्या वर गेला तरी विचार करतात.

पण एका आकड्यावर थांबू नका. ऑक्सिजन कमीत कमी किती खाली गेला, आणि ९० च्या खाली एकूण किती वेळ होता, हे बघा. दोन माणसांचा एएचआय २० असेल, पण एकाचा ऑक्सिजन ८८ पर्यंत जाऊन परत येतो आणि दुसऱ्याचा ७० ला जातो आणि बराच वेळ खालीच राहतो, तर दुसऱ्याची घाई जास्त. मग उताणं असताना किती आणि कुशीवर किती ते बघा, उताणं ३५ आणि कुशीवर ४ असं असेल तर उपचाराची दिशाच बदलते. आणि ऑब्स्ट्रक्टिव्ह किती, सेंट्रल किती हे बघा. ऑब्स्ट्रक्टिव्ह म्हणजे घसा बंद झाल्यामुळे श्वास अडणं. सेंट्रल म्हणजे घसा उघडा आहे पण मेंदूकडून श्वासाची सूचनाच येत नाही, त्याची कारणं वेगळी, उपचार वेगळे, आणि हार्ट फेल्युअरच्या काही पेशंटना तर त्यासाठीचं एक खास मशीन घातक ठरू शकतं हे २०१५ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलंय. सेंट्रलचे आकडे जास्त असतील तर दुकानातून मशीन आणून लावायचा विचारसुद्धा नको.

उपचार, मशीन एवढाच पर्याय नाही

सीपॅप. हवा थोड्या दाबाने आत सोडतो आणि घसा उघडा राहतो, ऑक्सिजन नाही, साधीच खोलीतली हवा. सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये याबद्दल लिहिलं आणि आजही मध्यम-तीव्र अ‍ॅप्नियावर सगळ्यात भरवशाचा उपचार हाच. त्याच्यावर खाली सविस्तर लिहिते.

सौम्य ते मध्यम असेल किंवा मशीन अजिबात जमत नसेल तर दातांचं उपकरण असतं, खालचा जबडा थोडा पुढे धरून ठेवणारं. हे डेंटिस्टकडून माप देऊन बनवून घ्या, ऑनलाइन मिळणारं गरम पाण्यात टाकून चावायचं नको. पुरेसे दात आणि निरोगी हिरड्या लागतात, पूर्ण कवळी असेल तर सहसा जमत नाही. सुरुवातीला जबडा दुखतो, लाळ जास्त येते. आणि ते लावून परत एकदा टेस्ट करायची, कारण घोरणं थांबलं म्हणजे अ‍ॅप्निया थांबला असं नसतं.

फक्त उताणं झोपल्यावरच त्रास असेल तर कुशीवर झोपायची सवय. जुन्या टी-शर्टला पाठीवर खिसा शिवून त्यात टेनिसचा बॉल, ही जुनी युक्ती अजून चालते, तसे कंपन करणारे पट्टेही मिळतात.

वजन. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या दीर्घ अभ्यासात दिसलं की १० टक्के वजन कमी झालं तर एएचआय साधारण २६ टक्क्यांनी उतरतो, आणि तेवढंच वाढलं तर ३२ टक्क्यांनी चढतो. म्हणजे फायदा नक्की, पण तीव्रवाल्याचा आकडा ५० चा ३७ झाला तरी तो तीव्रच. म्हणून वजन उतरेपर्यंत मशीन नको असं म्हणू नका, दोन्ही बरोबर चालू दे. टिर्झेपटाइड नावाचं आठवड्याचं इंजेक्शन अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये लठ्ठपणासह मध्यम-तीव्र अ‍ॅप्निया असलेल्यांसाठी मंजूर झालं, आपल्याकडे मार्च २०२५ पासून डायबिटीस आणि वजनासाठी मिळतंय. महाग आहे, बंद केलं की वजन परत येऊ शकतं, मळमळ वगैरे त्रास आहेत, आणि फक्त डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

ऑपरेशन कोणासाठी? टॉन्सिल फार मोठे आहेत, जबड्याची रचनाच मागे आहे, किंवा नाकाचं हाड इतकं वाकडं आहे की मास्कच लावता येत नाही. नाकाचं ऑपरेशन एकट्याने अ‍ॅप्निया क्वचितच बरा करतं, पण मशीन सोसायला मदत होते. टाळूचं ऑपरेशन करायचं ठरलं तर आधी झोपेचं औषध देऊन दुर्बिणीने घसा नेमका कुठे बंद होतो ते बघतात, ती तपासणी न करता कोणी टाळू कापायला निघालं तर दुसरं मत घ्या. जिभेच्या नसेला करंट देणारं एक बसवायचं यंत्र २०१४ पासून अमेरिकेत वापरतात, पण ते फार खर्चिक आणि निवडक लोकांसाठी.

घशाच्या व्यायामांनी आकडा कमी होतो असे अभ्यास आहेत. शंख वाजवण्यावर जयपूरच्या डॉक्टरांनी ३० लोकांवर केलेला अभ्यास २०२५ मध्ये छापून आला, सहा महिने नियमित शंख वाजवणाऱ्यांना फायदा दिसला. छान आहे, घरात शंख असेल तर वाजवा, पण अभ्यास लहान आहे, आणि एएचआय ४० वाल्याने मशीन बाजूला ठेवून शंख घ्यावा असं त्यातून निघत नाही. प्राणायामाचंही तेच, जोडीला करा.

तोंडाला टेप लावायचे रील्स बघून कोणी प्रयोग करू नका, ज्याचं नाक चोंदलंय आणि घसा बंद होतोय त्याचं तोंडही बंद करणं धोक्याचं आहे. नाकाच्या क्लिपा, अंगठ्या, पट्टे यांनी अ‍ॅप्निया बरा होतो याला भरवशाचा पुरावा नाही. दारू कमी करा, निदान झोपायच्या आधीचे तीन-चार तास तरी नको.

सीपॅप आणि पहिला महिना

इथेच लोक हरतात म्हणून इथे जास्त लिहितेय. मशीन घेतात, चार रात्री लावतात, जमत नाही म्हणून कपाटात ठेवतात, आणि हजारो रुपये आणि तब्येत दोन्ही वाया.

आधी भाड्याने किंवा ट्रायलवर घ्या, बरेच विक्रेते देतात. ऑटो मशीन ४ ते २० (हे आकडे दाबाच्या मापाचे, सेंटीमीटर पाणी) या मर्यादेत दाब स्वतः कमी-जास्त करतं, आठ-पंधरा दिवसांचा डेटा बघून डॉक्टर नेमकी रेंज ठरवतात. डेटा कार्डवर किंवा अ‍ॅपवर साठवणारंच मशीन घ्या, ज्यात डेटा दिसत नाही ते कितीही स्वस्त असो, नको. सेकंडहँड घेताना कंपनी-मॉडेल तपासा, फिलिप्सने जून २०२१ मध्ये आतल्या फोममुळे लाखो मशीन जगभरातून परत बोलावली होती, तसलं जुनं मशीन गळ्यात पडायला नको. इन्शुरन्सला लेखी विचारा, बऱ्याच पॉलिसी मशीनचे पैसे देत नाहीत. सीजीएचएसवाल्यांनी (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) खरेदीच्या आधी परवानगीची प्रक्रिया विचारून घ्यावी, नंतर बिल घेऊन गेलात तर अडतं.

मशीनपेक्षा मास्क महत्त्वाचा. नाकपुड्यांत बसणारा, नाकावरचा आणि नाक-तोंड झाकणारा असे तीन प्रकार. मिशी-दाढीवाल्यांना नाकपुडीचा बरा पडतो कारण केसांतून हवा गळते. तोंड उघडं राहत असेल तर मोठा मास्क, पण आधी नाक मोकळं करायचा उपचार करून बघा, पुष्कळांना मग नाकाचाच चालतो. मास्क दुकानात उभं राहून बघू नका, आडवं पडून, मशीन चालू करून, कूस बदलून बघा. पट्टे करकचून ओढले की गळती वाढते आणि नाकावर जखम होते. रात्री कवळी काढत असाल तर कवळी काढूनच माप बघा.

पहिले काही दिवस दिवसा लावा, सिरियल बघताना, मॅच बघताना, अर्धा तास, मग दुपारी आडवं पडून, मग रात्री. रॅम्प नावाची सोय चालू करा, दाब हळूहळू चढतो. रात्री मधेच काढून टाकलात तर हरकत नाही, जाग आली की परत लावा. बायको किंवा नवरा, मुलं यांनी या दिवसांत चेष्टा करायची नाही, कृपा करून. आधीच माणसाला तोंडावर नळी लावून झोपायची लाज वाटत असते.

नाक कोरडं पडत असेल तर ह्युमिडिफायर लावा, पाणी डिस्टिल्ड, मेडिकलमधून आणा, नळाचं नको आणि गाडीच्या बॅटरीचं तर नकोच. उरलेलं पाणी रोज सकाळी ओतून टाका. पावसाळ्यात कोकणात, मुंबईत हवाच इतकी दमट असते की तो बंद ठेवूनही चालतं. नळीत पाणी साठून गुडगुड होत असेल तर मशीन पलंगाच्या उंचीच्या खाली ठेवा आणि नळी चादरीखालून घ्या. पोटात हवा जाऊन फुगत असेल तर दाबाची सेटिंग बदलावी लागते, डॉक्टरांना फोन करा, मनाने नका बदलू. मास्कची गादी रोज पुसायची, आठवड्यातून एकदा नळी-मास्क साध्या साबणाच्या कोमट पाण्यात धुवून सावलीत वाळवायचं, फिल्टर बघत राहायचं, आपल्याकडच्या धुळीत तो लवकर काळा होतो.

लाईट गेली तर? मास्कला श्वास बाहेर जायची भोकं असतात आणि मोठ्या मास्कला वेगळी झडप असते, गुदमरायला होत नाही, पण उपचार थांबतो. घरच्या इन्व्हर्टरवर मशीन आरामात चालतं, फक्त ह्युमिडिफायरचं हीटर बंद करा, करंट तोच जास्त खातो. प्रवासात विमानाला मशीन केबिनमध्येच न्या, टाकी रिकामी करून, डॉक्टरांचं पत्र बरोबर. रेल्वेत चार्जिंगचे प्लग बऱ्याच गाड्यांत रात्री बंद ठेवतात, त्यांच्या भरवशावर राहू नका, बॅटरी घ्या.

पहिल्या महिन्याच्या शेवटी डेटा घेऊन डॉक्टरांकडे जा आणि तीन गोष्टी विचारा: रोज किती तास वापर, उरलेला एएचआय ५ च्या खाली आहे का, गळती किती. निदान ४ तास, बहुतेक रात्री, हे किमान मानतात, पण खरं ध्येय पूर्ण रात्र, कारण पहाटेची झोप सुटली तर सगळ्यात वाईट तास तसेच राहतात. एएचआय खाली आला तरी दिवसा झोप येतेच आहे असं झालं तर थायरॉइड, हिमोग्लोबिन, डिप्रेशन, कमी तास झोपणं याकडे बघावं लागतं.

वजन बरंच कमी किंवा जास्त झालं, मोठं ऑपरेशन झालं, किंवा लक्षणं परत आली तर टेस्ट परत करा, घरचीच चालेल बहुतेक वेळा. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर उपचार सुरू झाल्यावर बीपी घरी मोजून लिहून ठेवा, डोस कमी करावा लागू शकतो पण तो डॉक्टरच करतील. आणि कुठलंही ऑपरेशन असो, मोतीबिंदूपासून गुडघ्यापर्यंत, भूल देणाऱ्या डॉक्टरांना अ‍ॅप्निया आहे हे आधी सांगा, रिपोर्टची कॉपी फाइलमध्ये लावा, आणि अ‍ॅडमिट होताना मशीन-मास्क पिशवीत घालून बरोबर न्या, भुलीनंतरच्या पहिल्या रात्री घसा आणखी सैल असतो आणि त्या रात्री ते लागतंच.